तिसऱ्या ओळीतला श्वास

त्रेपन्न साल उजाडलं तेच मरणाची बातमी घेऊन. अलाबामाचा तो उंच, किडकिडीत गायक, ज्याच्या गाण्यांनी अख्खा देश रडवला होता, कार्यक्रमाला जाता जाता गाडीच्या मागच्या सीटवरच गेला, असं रेडिओने सांगितलं. एकोणतीस वर्षांचा होता. गाडी आमच्या नॉक्सव्हिलवरूनच पुढे गेली होती. माझा भाऊ बर्ल हातातली मक्याची भाकरी तशीच धरून उभा राहिला. ओमीआत्या, आमच्या बापाची बहीण, चुलीपाशी बसून म्हणाली, "चला, आता नॅशव्हिलचे रेकॉर्डवाले नवा गळा शोधत गावोगाव हिंडणार."

आत्याची जीभ काळी आहे असं आई म्हणते ते उगाच नाही.

बर्ल माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. बापाने आम्हा दोघांना चुलीपुढे उभं करून गाणं शिकवलं. बर्लने चाल गायची आणि मी, व्हेस्टाने, त्याच्यावरचा सूर धरायचा. त्यामुळे मला शेकडो गाणी येतात आणि एकही येत नाही. वरचा सूर एकटा ऐकला तर गाणं कुणाला ओळखू येत नाही. भिंतीला न टेकवलेल्या शिडीसारखं असतं ते. पण बर्ल खाली असला की मी वर बिनघोर चढायची.

बापाने स्वतः रचलेलं एक गाणं होतं. धरण झालं तेव्हा आमचं जुनं घर, शेत, गिरणी, सगळं पाण्याखाली गेलं. थडगी तेवढी सरकारने उचलून टेकडीवर नेली. त्या बुडालेल्या घराचं ते गाणं. तिसऱ्या ओळीत 'घर' हा शब्द येतो आणि तो लांबच लांब खेचायचा असतो. मला लहानपणी घटसर्प झाला होता, तेव्हापासून माझा दम तिथे पुरतच नाही. शब्दाच्या मधोमध मी तुटते, हवा गिळते आणि मग उरलेला शब्द पुरा करते. बर्ल त्या जागी दर वेळी मला कोपराने ढोसायचा.

"पाडलंस भोक घराला," म्हणायचा.

दर शनिवारी दुपारी आम्ही नॉक्सव्हिलच्या रेडिओवर गायचो. फेब्रुवारीत एक दिवस गाणं संपल्यावर मी कोट घालून बाहेर आले, तर बर्ल एका पांढऱ्या हॅटवाल्याशी बोलत होता. मला बघून हॅटवाल्याने हॅट उचलली आणि निघून गेला. बर्लने गाडी काढली. घराच्या वळणावर आल्यावर म्हणाला, "नॅशव्हिलचा होता. बोलावलंय."

"कुणाला?"

"आधी मी जातो गं व्हेस्टे. जागा बघतो, माणसं बघतो. मग तुला बोलावून घेतो. तू बॅग भरून ठेव."

मी भरली. दोन झगे, बुटांचा चांगला जोड आणि बापाचा पिच पाइप, सूर लावायची शिट्टी. आमची आई आंधळी, अंथरुणाला खिळलेली, कानांनीही अर्धवट. तिचं काय करायचं हा प्रश्न होता, पण ओमीआत्याने तो आधीच मिटवून टाकला होता. "मी राहीन वहिनीजवळ. तशीही माझ्या घरी माझी वाट बघायला एक मांजर आहे, आणि तेही आगाऊ आहे. तू जा." बॅग मी पलंगाखाली सरकवली. कुठे जाण्यासाठी बॅग भरण्याची माझी ती पहिलीच वेळ होती, आणि मला किती आनंद झाला होता ते मी कुणाला सांगितलं नाही.

बर्ल गेला. मार्चही गेला. एप्रिलमध्ये एक पोस्टकार्ड आलं, त्यावर नॅशव्हिलच्या मोठ्या पुलाचं चित्र. 'सगळं ठीक. लवकरच.' आम्ही तंबाखूची रोपं लावली. 'आम्ही' म्हणजे मी आणि शेजाऱ्याचं खेचर. गावातल्या औषधाच्या दुकानात काउंटरवर कॉफी-सोडाही मिळायचा, आणि तिथेच फोन होता. काहीतरी आणायच्या निमित्ताने मी तिथे जायची आणि मालक रिग्नीसाहेब मी विचारायच्या आधीच 'नाही' म्हणून मान हलवायचे. नंतर नंतर मला बघितलं की ते पाठ फिरवून बाटल्या पुसायला लागायचे. भला माणूस.

मेच्या शेवटच्या रविवारी टेकडीवर थडगी सजवायचा दिवस. सगळी घराणी येतात, गवत काढतात, फुलं वाहतात, लांब टेबलांवर डबे उघडतात आणि मग आपापल्या मेलेल्यांसाठी गातात. बर्लने कळवलं होतं, येतो म्हणून. बापाच्या थडग्यापाशी आम्ही दोघांनी ते घराचं गाणं म्हणायचं, हा आमचा शिरस्ता. मी सुक्या सफरचंदांचा थरांचा केक केला होता, त्याच्या आवडीचा. माणसं जेवली, केक संपला, आणि वळणावरून जी जी गाडी आली ती दुसऱ्याच कुणाची निघाली.

ब्रदर टिलसन आमचे पाद्री. ते हळूच म्हणाले, "मिस व्हेस्टा, तुम्ही एकट्याच म्हणा. बापाच्या आत्म्याला बरं वाटेल."

नाही म्हणायला हवं होतं, पण सगळे बघत होते. मी उभी राहिले, तोंड उघडलं आणि माझ्या गळ्यातून आला तो वरचा सूर. दुसरं येतंच काय मला? चाल मनात वाजत होती, पण मनातली चाल लोकांना कशी ऐकू येणार? माणसं माना खाली घालून ऐकत राहिली. पुढच्या रांगेतल्या एका पोरीने आईला विचारलं, "ही कुठलं गाणं म्हणतेय?" तिसऱ्या ओळीत माझा श्वास तुटला. ढोसायला कुणी नव्हतं. मी तशीच शेवटपर्यंत गेले आणि खाली बसले.

घरी येताना आत्या म्हणाली, "गरज सरो, वैद्य मरो. तुझा भाऊ येत नाही आता."

"येईल. बोलावेल."

"बॅग तरी उपस गं. झग्यांना कसर लागेल."

मी नाही उपसली.

ऑक्टोबरात तंबाखूची पानं कोठारात टांगून झाली, आणि आईचं औषध आणायला मी गावात गेले. दुकानाचं दार ढकलते तोच आत कुणीतरी जुकबॉक्समध्ये नाणं टाकलेलं आणि ते गाणं सुरू झालेलं. बापाचं गाणं. काउंटरवरची सगळी माणसं माझ्याकडे वळली आणि टाळ्या वाजवायला लागली.

रिग्नीसाहेब ओरडले, "काय हे मिस व्हेस्टा! नॅशव्हिलला जाऊन आलात, रेकॉर्ड काढलीत, आणि आम्हाला पत्ता नाही! आज तुमच्याकडून पैसे घेणार नाही मी."

खाली बर्लचा आवाज होता. वरचा सूरही होता, माझ्याच जागी, माझ्याच वळणांनी. क्षणभर मलासुद्धा वाटलं, मी गेले होते की काय! मग ओळखलं. वरचाही बर्लच होता. गळा आवळून, बारीक करून गात होता. आपल्या माणसाचा आवाज कितीही चोरून काढला तरी कळतो.

मग तिसरी ओळ आली. 'घर' शब्द निघाला, लांब झाला, आणि मधोमध वरचा आवाज तुटला. त्याने हवा गिळली. उरलेला शब्द पुरा केला.

बर्लची छाती बैलाची आहे. पाण्यात बुडी मारली की बाकीची पोरं बाहेर येऊन, अंग पुसून घरी जायची तरी हा आतच. त्याला तिथे श्वास लागत नाही.

"सुरेख गायलात," कुणीतरी म्हणालं. मी 'थँक्यू' म्हटलं, औषध घेतलं आणि निघाले. पुलापर्यंत ताठ चालले. पुढे रस्त्यावर कुणी नव्हतं, तिथे मी रडले. लहानपणीसुद्धा इतकी रडले नसेन.

नाताळला बर्ल आला. नवी गाडी, नवा कोट, संत्र्यांची अख्खी पेटी. आईच्या गालाचा मुका घेतला, आत्याचे टोमणे खाल्ले आणि मग स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन बसला. मी घेवडा निवडत होते. तो संत्रं सोलायला लागला.

"ऐकलीस?"

"गावाने ऐकली. मला शाबासकी दिली. वर कोण आहे?"

"मीच. त्यांच्याकडे नवं यंत्र आहे. एकदा गायचं, मग तेच कानाला लावून ऐकत वर पुन्हा गायचं. दोन्ही मिळून एक होतं."

"बरं झालं. एका माणसाचं जेवण वाचलं."

"व्हेस्टे, त्यांना एकच नाव पाहिजे होतं. बहीण-भावाचं आता चालत नाही म्हणे. मी बोललो गं, खूप बोललो. आणि आईचं कोणी..."

"आईला मध्ये आणू नकोस. आत्या तयार होती, तुला माहीत होतं."

तो संत्र्याचे धागे एकेक काढत बसला. मग म्हणाला, "तुझ्याशिवाय ते गाणं होत नव्हतं."

"झालं की."

"नव्हतं होत. न तोडता गायलो, पुन्हा पुन्हा गायलो. ते आपलं वाटेना. मग तुझ्यासारखा तोडला. काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला ओरडतोय, श्वास का घेतलास, पुन्हा गा म्हणून. म्हटलं, हे असंच राहील, नाहीतर मी चाललो घरी."

आतून काहीतरी विरघळलं आणि त्याच वेळी मला असा संताप आला की हातातला घेवडा त्याच्या नव्या कोटावर फेकावा. माझ्यासाठी भांडला, पण कशासाठी? माझ्या दुखण्यासाठी. ते तेवढं घेऊन गेला आणि मला इथे ठेवलं.

"स्टेजवर कसं करतोस?" मी विचारलं. "तिथे कुठलं यंत्र?"

"नुसती चाल गातो." तो माझ्याकडे बघत नव्हता. "गाताना कोपर आपोआप बाजूला जातं. तिथे कुणी नसतं."

मी त्याला विचारणार होते, आता तरी नेतोस का? त्याने म्हणावं, चल. बॅग पलंगाखालीच होती. पण त्याने संत्र्याची एक फोड माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, "खेचर अजून चावतं का गं?"

दुसऱ्या दिवशी तो गेला. आत्याही तिच्या मांजराकडे गेली. मी बॅग ओढून काढली, झगे खुंटीला टांगले. एकाला कसर लागलेलीच होती.

वर्षाच्या अखेरच्या संध्याकाळी मी आईला पेज भरवत होते. उशाशी रेडिओ चालू होता. निवेदक वर्षभराच्या घडामोडी सांगत होता: कोण गेलं, कोणाचं लग्न झालं, कुणाची रेकॉर्ड किती खपली. जानेवारीतल्या त्या मरणाबद्दल बोलताना त्याचा आवाज खाली आला. मग उत्साहाने म्हणाला, "आणि या वर्षाची नवलाई म्हणजे स्वतःच स्वतःबरोबर गाणारा गडी, टेनेसीचा बर्ल किट्स!"

गाणं सुरू झालं. आईने डोकं उचललं. "पोरं गातायत," ती म्हणाली.

मी वाटी खाली ठेवली. खाली बर्ल, वर बर्ल, त्या गाण्यात मला उभं राहायला जागाच नव्हती. पहिल्या दोन ओळी मी गप्प राहिले. छाती भरून घेतली. तिसऱ्या ओळीत 'घर' निघालं, तसा मी वरचा सूर धरला. अर्ध्यावर त्याचा वरचा आवाज थांबला. मी थांबले नाही. तेवढ्या एका जागेत वर माझा एकटीचा आवाज होता. मग तो पुन्हा आला, मला मिळाला, आणि शब्द पुरा झाला. जन्मात पहिल्यांदा तो मी अखंड म्हटला होता. पुढे मी गायले नाही. पुढे मी नव्हतेच.

गाणं संपलं. आईचा हात चाचपडत माझ्या गुडघ्यावर आला.

"आज नाही तोडलंस, पोरी."

"नाही, आई."

"मग बर्लने ढोसलं नसेल आज," ती हसत म्हणाली.

"नाही ढोसलं," मी म्हटलं, आणि तिची पेज गार होत होती म्हणून वाटी पुन्हा उचलली.