द्या इकडे!

मुलाची एक खोड आईला मुळीच खपत नसे. संगणकापुढे कुणी जरा अडखळलं, की हा "द्या इकडे" म्हणून त्याच्या हातातला माऊस काढून घेई. दोन मिनिटांत काम फत्ते! समोरचा माणूस नुसता बघत राही.

दर रविवारी दुपारी त्यांच्या बाहेरच्या खोलीत संगणक मंडळ भरायचं. बारा वर्षांपूर्वी दारात चपलांचा ढीग पडे. तेव्हा मुलालाही फारसं येत नव्हतं. एका यंत्राभोवती पंधरा डोकी. कुणी भलतंच बटण दाबलं की आरडाओरडा, हशा, आणि मग सगळे मिळून निस्तरणार. आता मुलगा तरबेज झाला होता आणि दारात चपलांचा एकच जोड उरला होता, निवृत्त कारकूनकाकांचा. काका कोपऱ्यात बसून डुलक्या काढत.

त्या दिवशी मुलाने दारावर कागद चिकटवला.

"काय लिहिलंयस?" आईने विचारलं. चौथीपर्यंतची शाळा, पण चष्मा लावून तिने स्वतःच अक्षर लावलं. मंडळ पुढच्या महिन्यापासून बंद!

"लोकांना गरज उरली नाही गं. सगळं मोबाइलवर मिळतं."

आईने चष्मा काढून ठेवला. सोमवार ते शनिवार तिच्याशी कुणी बोलायचं ते एवढंच, "जेवलीस का?" रविवारी निदान दार तरी वाजायचं.

तेवढ्यात ते वाजलंच. कोपऱ्यावरची शिवणकाम करणारी बाई होती. पिशवीतून तिने भिजून फुगलेली वही काढली. "गिऱ्हाइकांची मापं आहेत, सर. शाई पसरायला लागलीये. संगणकात कशी घालायची तेवढं शिकवा."

बाईने माऊस धरला. बाण पडद्याच्या कडेला जाऊन हरवला.

"द्या इकडे," मुलगा म्हणाला.

बाईचे हात मांडीवर जाऊन बसले. सुईत दोरा ओवणारे, कापडावर सरळ कात्री चालवणारे हात! शेवटचं चिकटलेलं पान सोडून बाकी मापं झरझर भरली गेली. "आभारी आहे, येते," म्हणून ती उठली.

आई फाटकापर्यंत मागे गेली. "पुढच्या रविवारी येशील ना?"

"कशाला, मावशी? माझे हात उगाच मध्ये येतात त्यांच्या."

आईला एकदम आठवलं. मंडळात येणारा टपालवाला असाच "येतो" म्हणून गेला होता. दवाखान्यातली नर्सही. कुणी भांडून गेलं नव्हतं, म्हणून तर कुणाला कळलंच नव्हतं!

तिने बाईचं मनगट धरलं, परत आणून खुर्चीत बसवलं. मग आतून चहाने काठोकाठ भरलेल्या कपांचा ट्रे आणून मुलाच्या दोन्ही हातांत दिला.

"धर. सांडलास तर बघ. आता तोंडाने शिकव."

"आई, हे काय!"

"मापाचं एक पान अजून बाकी आहे ना? ते ती भरेल."

मुलगा ट्रे सावरत सांगत राहिला. बाई तीनदा चुकली. चौथ्यांदा पडद्यावर आकडा उमटला, आणि ती लहान मुलीसारखी ओरडली, "आलं! मावशी, आलं!"

कोपऱ्यातले काका दचकून जागे झाले, खुर्ची ओढत जवळ आले. "पुन्हा दाखवा हो बाई. चार वर्षं हेच विचारायचं होतं मला. लाज वाटायची."

मुलाचा चेहरा उतरला. "काका, चार वर्षं? मला बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तूच करून टाकलं असतंस."

मुलगा ट्रेसकट आईकडे वळला. "आई," तो हळूच म्हणाला, "तो कागद काढू का दारावरचा?"

"काढ. पण नीट ऐकून घे!" आई म्हणाली. "गरज संपली म्हणून माणसं गेली नाहीत. आपल्याला काहीतरी जमलं, ते कुणीतरी बघितलं, एवढ्यासाठी माणूस चार घरं ओलांडून येतो. तू तेच त्याच्या हातातून काढून घेतलंस आणि वर हुशारी मिरवलीस. शिकवणाऱ्याने आधी आपले हात आवरावेत. आणि माझा फोन? बहिणीला लावायला घेतला की तोही 'दे इकडे'! तुला विचारायला नको म्हणून सहा महिने बोलले नाही मी तिच्याशी. ठेव तो ट्रे, आणि माझा फोन दे इकडे. मी लावणार. तू नुसतं शेजारी बस."