कांद्याशिवाय

"कांदा कुणी घातला?" पाओचूनं भांड्यावरचं झाकण उचललं आणि ते तसंच हातात धरून उभी राहिली.

मूशेंग म्हणाला, मी घातला. कांदा म्हणजे काय डुक्कर आहे?

पाओचूनं, त्याच्या थोरल्या बहिणीनं, कपाळावर हात मारून घेतला. श्यूयुनच्या व्रताला कांदा चालत नाही, लसूण चालत नाही, हे बंदरावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त श्यूयुनच्या नवऱ्याला, या मूशेंगला. आणि व्रत धरलेलं कुणासाठी? याच्याचसाठी. मत्स्यतळ्यावरचा पंप दुरुस्त करताना विजेचा झटका बसून हा आडवा झाला होता, तेव्हा करुणेची देवी क्वान-यिन मातेपुढे गुडघे टेकून ती बोलली होती, हा उठला तर मरेपर्यंत मांस-मासळी तोंडात घालणार नाही. हा उठला, आणि आठवड्याभरात डुकराचं मांस मागायला लागला. तेव्हापासून सोळा वर्षं ती याला मांस रांधून घालत होती, जिभेवर थेंबही न ठेवता, आणि स्वतःचं भांडं कोपऱ्यातल्या शेगडीवर वेगळं चढवत होती. त्या भांड्यात काय शिजतंय हे यानं कधी डोकावून पाहिलं नाही. कशाला पाहील? याच्या पुढ्यात वाडगा येत होता.

या हिवाळ्यात श्यूयुनला ताप आला. ताप गेला, पण जाताना पायातली ताकद, नाकातला वास आणि जिभेची चव घेऊन गेला. काहीही दिलं तरी ओला कागद चघळल्यासारखं लागतं म्हणून तिनं जेवणच सोडलं. तेव्हा कुठे मूशेंग जन्मात पहिल्यांदा चुलीपुढे उभा राहिला. पहिल्या दिवशी टोफू कढईला असा चिकटला की पान्यानं खरवडावा लागला. दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याची पेज करपली. मग त्यानं टोफू आणि अळिंबी बारीक करून छोट्या लाल कांद्यावर खरपूस परतली, सोया सॉस ओतला आणि भातावर घातली. तिनं विचारलं, यात काय आहे? तो म्हणाला, नुसती भाजी. तिनं खाल्लं. रोज अर्धा वाडगा खायला लागली.

पाओचूनं झाकण खाली ठेवलं आणि आवाज उतरवला. "आता तोंड बंद ठेव. तिला ना वास कळतो ना चव. पोटात जातंय ना? मग उद्यापासून वाटीभर माशाचा रस्सापण घाल." बाई दुष्ट नव्हती. भावजय मरेल म्हणून घाबरली होती.

बहीण गेल्यावर मूशेंग मोरीच्या कडेला बसून राहिला. देवाचं भय त्याला कधीच नव्हतं. त्याला टोचत होतं ते वेगळंच. त्यानं दुरुस्त केलेला पंप गिऱ्हाईक तीनदा चालू-बंद करून बघायचं. ही मात्र त्यानं 'भाजी' म्हटल्याबरोबर वाडगा तोंडाला लावत होती. एवढा मोठा विश्वास कुणी आपल्यावर टाकतं, हे त्याला आत्ता दिसलं.

खोलीत जाऊन त्यानं श्यूयुनला कांद्याचं सांगून टाकलं. तिनं हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. संपलं, आता ही पाणीसुद्धा घेणार नाही, असं त्याला वाटलं.

"सोळा वर्षांत कधी विचारलंस, मी काय खाते?"

"नाही."

"मग आता विचार."

ती पलंगावरून सांगत गेली आणि तो चुलीकडे पळत राहिला. अळिंबीचे देठ भिजव, ते पाणी फेकू नकोस. तिळाच्या तेलात आलं टाक, कडा वळेपर्यंत परत. सुकवलेला मुळा घाल. सोया मधोमध नाही, कढईच्या कडेनं सोड. दर वेळी तो दारात येऊन उभा राहायचा आणि ती पुढचं सांगायची.

"मीठ?"

"मुळ्यात आहे तेवढं पुरे."

त्याला एकदम आठवलं. "माझ्या मांसात मीठ कसं घालायचीस? चाखत तर नव्हतीस."

"फेसाकडे बघून," ती म्हणाली.

तो परत जाऊन कढईतल्या फेसाकडे बघत राहिला. त्याला नुसता फेस दिसला. सोळा वर्षांत एकदाही मीठ कमी-जास्त झालं नव्हतं. या स्वयंपाकघरात केवढं कसब बसलं होतं आणि आपण कुणाला नुसता वाडगा आणायला सांगत होतो, या विचारात तो कढई ढवळायची विसरला.

शिजल्यावर त्यानं एक घास घेतला. मग भिंतीला टेकला.

"कसं झालंय?" तिनं आतून विचारलं.

"चांगलं," वाडगा घेऊन आत येत तो म्हणाला.

"चांगला तर तुझा पंपही चालतो, म्हाताऱ्या. मला चव कळत नाही. नीट सांग."

आयुष्यभर त्यानं मोटारीच्या आवाजाखेरीज कशाचं वर्णन केलेलं नव्हतं. त्यानं आणखी एक घास घेतला आणि चावत उभा राहिला. "आधी आलं लागतं. घशाशी. मग उन्हात वाळलेल्या लाकडासारखं काहीतरी... म्हणजे लाकूड नाही गं, पण तसं. मग मुळा, जरा खारा. आणि गोड एकदम शेवटी येतं, आपण विसरल्यावर."

तिनं तोंड उघडलं. त्यानं घास भरवला. डोळे मिटून ती चावत राहिली.

"आता काय?"

"आता आलं."

"आता?"

"लाकूड." तो स्वतःही चावत होता, तिच्या जबड्याच्या वेगानं. "आता मुळा. थांब, गिळू नकोस. गोड यायचंय."

घास तोंडात धरून ती थांबली.