रहोबोथ

खर्रर्र... विळीच्या टोकावर नारळाची कवड फिरू लागली आणि मुलुंडच्या त्या नव्या घरातली दुपारची शांतता मोडली. रिबका रोहेकर खोबरं खोवायला बसली होती. घाटकोपरच्या चाळीतल्या एका खोलीतून या दोन खोल्यांत आल्याला अजून आठवडाही झाला नव्हता. आज मलिदा होता. संध्याकाळी ज्यू मंडळी प्रार्थनेला जमायची, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं नाव घेऊन देवाचे आभार मानायचे, आणि गूळ-खोबरं कालवलेले पोहे सगळ्यांना वाटायचे. सासूबाई, राहेलआई, पोहे निवडत होत्या.

शेजारच्या वनमालावहिनी मदतीला आल्या त्या दारावरची पाटी वाचतच.

"रो-हो-बोट? रोह्याक बोट जाता काय गो?"

राहेलआईंना हसू आवरेना. "अहो, रहोबोथ! रोहा आमच्या आडनावात, हे नाव शास्त्रातलं. इसहाकाच्या माणसांनी विहीर खणली, तर तिथले गुराखी भांडायला आले. नाव पडलं एसेक, म्हणजे भांडण. दुसरी खणली, पुन्हा तेच. ती सितना, म्हणजे वैर. तिसरीवर मात्र कुणी आलं नाही. इसहाक म्हणाला, देवाने आम्हाला जागा करून दिली. ती रहोबोथ. ऐसपैस जागा."

"मगे आमची जुनी लालबागची चाळ एसेकच! नळावर रोज मारामारी."

"आणि त्या इसहाकाची बायको कोण, ठाऊक आहे? रिबका!" राहेलआईंनी सुनेकडे बघून डोळे मिचकावले. "घर मिळालं ते हिच्याच पायगुणाने."

रिबका हसली खरी, पण सकाळपासून एकच गोष्ट तिच्या ओठांवर येऊन परत फिरत होती. चाळीत राहेलआई कायम बाहेर गॅलरीत झोपायच्या. 'मला आत गुदमरतं गं,' म्हणायच्या. मुलगा-सुनेला चार भिंतींचा आडोसा मिळावा म्हणून हे चाललंय, हे रिबकाला पहिल्या रात्रीच कळलं होतं. बोलायचं मात्र राहून गेलं. त्याच अडचणीच्या दिवसांत त्यांनी इस्राएलमधल्या थोरल्या मुलाला, मोझेसला, 'येते' म्हणून कळवलं होतं. मंगळवारी सहारहून विमान होतं.

वनमालावहिनी परात आणायला घरी गेल्या, तशी रिबका म्हणाली, "आई, आतली खोली तुमची. खाटही सांगितलीय मी. नका ना जाऊ."

राहेलआईंचा हात थांबला. "तिकडे सून पोटुशी आहे, बाय. परक्या मुलखात तिचं बाळ न्हाऊ कोण घालणार? तुझ्या नोमीला मीच घातलं ना?" मग हळूच म्हणाल्या, "आणि मोझेसचं गाव कुठलं? बैर-शेबा. शपथेची विहीर. शब्द दिलाय गं मी."

"बाहेर झोपलात ना आमच्यासाठी? इतके दिवस? जागा तर तुम्हीच करून दिलीत आम्हाला..." रिबकाने विळी बाजूला सारली.

"वेडी कुठली! ठाऊक होतं तुला?" राहेलआईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "बरं झालं बोललीस. आता कशी सुखाने जाईन."

आतल्या रिकाम्या खोलीत नोमी दोन्ही हात पसरून गरागरा फिरत होती.

"आई, बघ! भिंत लागतच नाही!" ती फिरता फिरता थांबली आणि दारात आली. "एवढी जागा आहे ना आता? मग आजी का चालली?"