फक्त पाणी पिणारा पिंजरा

"मोसुन, तुझे हे उंदीर मरत का नाहीत?" प्रोफेसर अलाओ माझ्यावर खेकसले, जणू त्यांना जगवायला मी कुणाकडून लाच खाल्ली होती.

माझंही डोकं फिरलं होतं. इबादान शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत मी मलेरियाचे जंतू टोचलेले उंदीर चार पिंजऱ्यांत ठेवले होते. एकाला बाजारातल्या गोळीचा अर्धा डोस, दुसऱ्याला कडुनिंबाचा काढा, तिसऱ्याला दोन्ही एकत्र. चौथ्याला नुसतं पाणी. हे पाणीवाले मेले, तरच बाकीचे औषधानं जगले असं म्हणता येतं. माझी डॉक्टरेट त्यांच्या मरणावर अडली होती आणि ते आपले टुणटुणीत!

"तू जंतूच नीट टोचले नसशील," प्रोफेसर म्हणाले.

"सर, रक्त तपासून दाखवलं ना तुम्हाला? जंतू होते. मग आपोआप कमी झाले."

"आपोआप माझं पोटसुद्धा कमी होत नाही! नीट शोध, नाहीतर यंदाची परीक्षा विसर."

दुसऱ्या दिवशी मी भल्या सकाळी पोचले. पिंजरे सांभाळणाऱ्या इया सिकिरू, म्हणजे सिकिरूची आई, गुणगुणत चौथ्या पिंजऱ्यात वेगळ्याच वाडग्यातलं खाणं टाकत होत्या. खाणं ओलं होतं आणि कडुनिंबाचा वास मारत होतं.

संताप मस्तकात गेला. पण त्या माझ्या आईच्या वयाच्या. आमच्यात वडीलधाऱ्यांशी बोलण्याआधी गुडघे टेकतात. ओल्या फरशीवर गुडघे टेकले आणि तिथूनच ओरडले, "इया, हे काय?" मेलं धड रागावताही येत नाही!

"तुझाच उरलेला काढा. त्यात भिजवलंय."

"यांना काही द्यायचं नाही, शंभरदा सांगितलं ना?"

"सांगितलंस. शेजारच्या तिन्ही घरांत औषध आणि या घरात पाणी. तापानं फणफणलेल्या लेकरांशी असं वागतं का कुणी?"

"लेकरं नाहीत ती, उंदीर आहेत!"

"ते दिसतं मला. ओरडू नको पोरी, घसा बसेल."

"बसू दे! माझी सगळी मेहनत मातीत गेली. औषध लागू पडतं हे ठरलं असतं तर किती पोरं वाचली असती, कळतं का तुम्हाला?"

त्यांनी वाडगा खाली ठेवला. "सिकिरूला ताप आला तेव्हा दवाखान्यातलं औषध संपलं होतं. नर्स म्हणाली, पाणी पाजत राहा. मी पाजत राहिले."

सगळा विभाग त्यांना मुलाच्या नावानं हाक मारतो. मीही मारते. सिकिरू कुठे असतो, हे मी कधी विचारलंच नव्हतं. राग गेला नाही, खोटं कशाला बोलू?

परीक्षा पुढच्या वर्षावर गेली. प्रोफेसरांनी शिव्या घातल्या आणि मग त्यांनीच इलोरिनहून नवे उंदीर मिळवून दिले. चार पिंजरे पुन्हा लागले. त्या सकाळी इयांनी कमरेच्या गाठीतून पिंजऱ्यांच्या खोलीची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.

"चौथ्याचं तूच बघ. माझा हात ऐकायचा नाही."

मी आत गेले. इया उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. मी बाटली पिंजऱ्याला लावत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "मोसुन, निदान पाणी तरी गार आहे ना ग?"

मी बोट लावून पाहिलं. कोमट होतं. बाटली काढली, ओतून दिली आणि गार पाणी भरून आणलं.