हेझलबाईंनी बस मागे घेतली

हेझल ऑर्मरॉडला सायप्रसमध्ये येऊन दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत तिला कुणी साधा कांदासुद्धा चिरू दिला नव्हता.

इंग्लंडात, बर्नलीत, तिने एकतीस वर्षं बस चालवली. मग निवृत्त झाली, घर विकलं आणि पेन्शन घेऊन थेट कातो व्रीसी या डोंगरातल्या गावी राहायला आली. ऊन भरपूर, माणसं प्रेमळ. इतकी प्रेमळ की वैताग यावा. द्राक्षांची तोडणी असो नाहीतर कुणाच्या बाळाचा बाप्तिस्मा, हेझल दिसली रे दिसली की सावलीत खुर्ची यायची, कॉफी यायची, बशीत अक्रोडाचा मुरांबा यायचा. तिने सुरीकडे हात नेला की शेजारची देस्पो त्या हातावर चापट मारायची. पाहुण्यांनी काम करायचं नसतं. दोन वर्षं झाली, तरी ही आपली पाहुणीच.

नेमकं हेच तिच्या लेकीने, केरीने, आल्या आल्या हेरलं. ती इंग्लंडला परतायची, गुरुवारची दोन तिकिटं काढूनच आली होती. तिचं म्हणणं असं, की इथे आईला सगळे जपतात, पण तिच्यावाचून कुणाचं काही अडत नाही. मग तिने आपल्या लेकीकडेच का राहू नये? हेझल चिडून म्हणाली, अडतं की. केरी म्हणाली, एक उदाहरण दे, आत्ता तिकीट फाडते. हेझलला एकही सुचेना. शनिवारपर्यंत तिची अर्धी बॅग भरूनही झाली होती.

रविवारी देस्पोच्या मुलीचं लग्न होतं. नवरा डोंगरात वर असलेल्या पानो व्रीसी गावचा. अख्खं कातो सजवलेल्या बसमध्ये कोंबलं गेलं: नवरी, व्हायोलिनवाला, आत्या, मावश्या, केरी आणि अर्थातच सगळ्यांत चांगल्या सीटवर हेझल. चालवायला कोकोस, मिशांना तेल लावून.

घाटात पाचव्या वळणावर समोरून द्राक्षांचा ट्रक आला. ट्रकमध्ये पानोचा तोफीस.

रस्ता एका गाडीचा. ट्रकच्या मागे वरपर्यंत कुठेच जागा नव्हती. बसच्या मागे मात्र तीन वळणं खाली रुंद जागा होती. म्हणजे बसनेच मागे जायला हवं, हे शेळीलासुद्धा कळलं असतं. पण कातोचा माणूस पानोच्या माणसापुढे गाडी मागे घेत नाही. आजोबांच्या काळापासून नाही. पानोवाल्यांचंही तेच. कोकोसने इंजिन बंद केलं. तोफीसने बंद केलं. तोफीस टपावर चढून आपलीच द्राक्षं खात बसला.

वीस मिनिटं गेली. वर चर्चची घंटा दुसऱ्यांदा वाजली. देस्पोने कोकोसच्या सात पिढ्या काढल्या, नवरीच्या डोळ्यांतलं काजळ गालावर आलं, तरी कोकोस ढिम्म. हेझल मात्र त्याच्या मानेकडे बघत होती. मानेवरून घाम ओघळत होता, आणि तो पुनःपुन्हा आरशात त्या तीन वळणांकडे बघत होता. तिने एकतीस वर्षांत कितीतरी नवे ड्रायव्हर शिकवले होते. हा घाम तिच्या ओळखीचा होता. अभिमान होताच, पण याला ती वळणं जमणारही नव्हती.

ती उठली.

"कोकोस, मी कुठली?"

"म्हणजे?"

"कातोची की इंग्लंडची?"

"इंग्लंडच्या तुम्ही, हेझलबाई. पाहुण्या आमच्या."

"मग मी बस मागे घेतली तर कातोचा कुणी मागे सरला असं होईल का?"

मागून एक आत्या खुदकन हसली.

केरीने आईचा दंड धरला. "आई, तू सदुसष्ट वर्षांची आहेस. खाली दरी आहे."

"म्हणूनच तू मधे बोलू नकोस."

परवाना तिच्या पर्समध्ये होता. ती दर वर्षी डोळे तपासून तो नवा करून घ्यायची. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. कोकोस सीटवरून असा झटकन उठला, की वाटावं, वीस मिनिटं याचीच वाट बघत होता. उतरायचं त्यांनी उतरा, असं हेझलने सांगितलं. देस्पो म्हणाली, माझ्या पोरीचा झगा धुळीत लोळणार नाही, आणि मांडी ठोकून बसली. मग कुणीच उतरलं नाही.

पहिलं वळण गेलं. दुसऱ्यावर मागचं चाक कडेला इतकं टेकलं, की दगड घरंगळत खाली गेले आणि व्हायोलिनवाल्याने डोळे मिटले. हेझलने मिटले नाहीत. डावा आरसा, उजवा आरसा, पुन्हा डावा. सगळं अंगात जसंच्या तसं होतं, एक इंचही विसरलं नव्हतं. तिसरं वळण तर तिने एका दमात घेतलं, लोण्यातून सुरी फिरावी तसं.

ट्रक बाजूने जाताना क्षणभर थांबला. तोफीसने टोपी काढली आणि द्राक्षांची एक अख्खी पाटी खिडकीतून आत ढकलली. बसमध्ये असा गलका उठला, की वर पानोच्या लोकांना वाटलं, लग्न खालीच लागलं.

कोकोस मिशी सावरत पुढे आला. "द्या आता, हेझलबाई. दमला असाल."

"तू मागे बस," देस्पो म्हणाली. मग हेझलकडे वळली, आणि तिच्या आवाजात पाहुणचार नावालाही उरला नव्हता. "आणि तू, हळू काय चालवतेस? पाद्री वाट बघतोय. परत नेतानाही तूच चालवायचीस, आणि संध्याकाळी सहा म्हणजे सहालाच. आणि गुरुवारी पानोच्या बायका बाजाराला येणार म्हणतात, त्यांनाही आणावं लागेल. याच्या भरवशावर नको."

कातोची बाई पानोच्या बायकांसाठी बस पाठवते आहे, हे ऐकून मावश्यांच्या भुवया वर गेल्या. पण आता सोयरीक झाली होती.

हेझलने गिअर टाकला. केरी शेजारी येऊन उभी राहिली होती, दांडी घट्ट धरून. आई इतकी ताठ बसलेली तिने कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती.

"आई," ती हळूच म्हणाली, "गुरुवारी आपलं विमान आहे."

"तुझं आहे," हेझल म्हणाली आणि पाचव्या वळणावर जोरात हॉर्न वाजवला. "मला गुरुवारी वेळ नाही."