मोनाचा नवोदयचा अभ्यास

माझी थोरली बहीण आक्का वारली आणि तिच्या मोनाला नवोदयच्या परीक्षेला बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पुण्यातल्या लॅबमधून रजा काढून मी बिद्रीला दाजींच्या घरी येऊन राहिले. पाचवीतल्या पोरीपुढं आकृत्या मांडायच्या: यातली वेगळी कोणती, आरशात कशी दिसेल, अर्धी राहिलेली कशी पुरी होईल. मला स्वतःलाच निम्म्या यायच्या नाहीत.

माझी आईही तिथंच मुक्कामाला होती. एकदा चहा गाळता गाळता म्हणाली, "परीक्षा झाली की तुझं आन् बाळासोंचं उरकून टाकू. सख्खी मावशी असताना पोरीला सावत्र कशाला?"

बाळासो म्हणजे दाजी. माणूस भला, पण मी त्यांना शाळेत असल्यापासून दाजी म्हणत आलेय. मला नको होतं हे लग्न. तसं सांगितलं तर आई म्हणाली, "पोरीकडं बघ." त्या दोन शब्दांत सगळे मला गप्प करायचे, आणि मी व्हायचेही. संताप यायचा नुसता.

मोना मात्र अभ्यासाला अशी भिडली की मीच दमले. नवोदयला नंबर लागला की घर सोडून हॉस्टेलवर राहायचं. आधी त्याचं नाव काढलं की जेवायची नाही; आता न सांगता पुस्तक घेऊन बसायची. आकृती चुकली तर स्वतःच्याच डोक्यात टपली मारायची. मला वाटलं, आक्कावर गेलीय, जिद्दी आहे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिची वेणी घालताना म्हटलं, "एवढं मनाला लावून घेऊ नको. नाही लागला नंबर तर घरीच राहायचं की."

"न्हाय, लागायलाच पायजे," ती म्हणाली. "मला बघायला कोण न्हाय म्हणून तुझं पप्पांसंगं लगीन लावणार हायती. मी हॉस्टेलवर गेलो की घरात बघायचं कुणाला? मग तुला कशाला ठेवतील?"

माझे हात थांबले. "तुला जायचंय का तिकडं?"

"न्हाय." ती मान खाली घालूनच बोलत होती. "पण तू मोरीत नळ सोडून रडतीस. मला ऐकायला येतंय."

मी तिला पोटाशी धरलं आणि रडले. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर, मला सुटल्यासारखं वाटलं होतं. ते मोनाला कळलं असेल का, कोण जाणे.

मग मी डोळे पुसले, वेणी पुरी केली आणि म्हटलं, "चल, अजून एक पेपर सोडवू."