निर्जन टेकडीचे लोहफूल

मित्रांनो, काचेच्या कपाटात बसवलेला मी एक जुना दगड आहे. काळ्या, चकाकत्या पाकळ्यांचे लोहखनिज फुलासारखे जमून येणे दुर्मीळ. म्हणून माझ्याखाली पाटी आहे : 'लोहफूल. प्राप्तिस्थान : एटापल्ली तालुक्यातील निर्जन टेकडी.' पाटीचे अक्षर सुबक आहे. असत्याला सुबक अक्षर शोभते.

त्या टेकडीवर माडिया लोकांचे देवठाणे आहे. पिढ्यान्‌पिढ्या तेथे पेरणीपूर्वी मला एका सपाट दगडावर घासत आणि निघालेली लाल पूड बियाण्याला लावत.

तीन वर्षांपूर्वी विनोद नावाचे खनिजतज्ज्ञ आले. त्यांनी माझे वजन केले, लोहचुंबक लावून पाहिले आणि शेवटी मला खरखरीत चिनीमातीवर घासले. काळ्या अंगातून लाल रेघ उमटताच ते हरखले.

"सायेब," ठाण्याचा पुजारी इसरू हसला, "आमी दरसाल घासतो ना! लालच निंगते. पुसलं असतं तं सांगतलो असतो."

मला तपासणीसाठी नेताना पेरणीआधी परत आणण्याचा शब्द विनोदरावांनी दिला. इसरूने कागद मागितला नाही. ठाण्यात उभे राहून कोणी खोटे बोलत नाही, अशी त्याची समजूत होती. विद्वानांशी त्याचा परिचय कमी होता.

अहवालात मी 'अनमोल' ठरलो आणि ठाण्याऐवजी संग्रहालयात पोहोचलो. माझी घासून झिजलेली बाजू 'दोष' ठरली. ठाण्याचा उल्लेख मात्र गळला. टेकडीवर खाण व्हायची होती, आणि निर्जन जागेत हरकत घेणारे कोणी नसते.

काल इसरूची मुलगी सुकरी संग्रहालयात आली. टेकडीवरच्या खाणीची सुनावणी एका दिवसावर होती.

"बाई, निर्जन काऊन लिवलं?" तिने संग्रहपाल दीपालीबाईंना विचारले. "मंग ह्याले घासलं कोनं? अस्वलानं?"

"नोंद वरून आली आहे. मी काय करू?"

सुकरीने पिशवीतून ठाण्यातला तो सपाट दगड काढला. दीपालीबाईंनी कपाट उघडले. माझी झिजलेली बाजू त्याच्यावर घासून पडलेल्या खळग्यात नेमकी बसली.

मग बाईंनी पाटीवरचे 'निर्जन' खोडले, वर 'माडिया देवठाणे, वापरात' असे लिहिले आणि खाली सही केली.

"फोटो काढ लवकर. उद्या मी या खुर्चीवर असेन की नाही, ठाऊक नाही."

"नसाल तं आमच्या गावी या," सुकरी म्हणाली. "निर्जन हाय, जागाच जागा हाय."

आज ती सुनावणी चालू आहे. मी कपाटातच आहे, आणि पेरणी तोंडावर आली आहे.

मित्रांनो, देखणा दगड सापडला तर अवश्य उचला, घासून पाहा. पण त्याची किंमत लिहिण्याआधी तो कोणाच्या हातांनी झिजला, ते लिहा. ते लिहायचे धैर्य नसेल, तर त्याला होता तेथेच राहू द्या.